कवितांची वही, दीर्घ वेलांटी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणार, वय चोपन्न, अविवाहित, प्राथमिक शाळेत भाषाशिक्षक, बुद्धी शाबूत असताना आणि मागे उभे राहून कुणी सांगत नसताना हे लिहितो. मागे वळून खात्री केली आहे. उद्या माझ्यावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई तिला 'किरकोळ' म्हणतात. विशेषणांवर माझा विश्वास नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर, आतल्या सामानासह, धाकट्या बहिणीला, तिच्या एकटीच्या नावे. मेहुणे चहाला येतात आणि पावलांनी खोली मोजतात. "किती भरली?" विचारले, तर म्हणाले, "छे हो दादा, पाय मोकळे करतोय." त्यांनी खुशाल पाय मोकळे करावेत. कागदावर सही मात्र बहिणीचीच.

२. मुख्याध्यापिकाबाईंना माझी खोडरबरांची डबी. मुलांच्या कविता फलकावर लावताना यमके त्या जुळवतात, याचा पुरावा नाही. पण एकाच आठवड्यात चौघांना 'फूल'पुढे 'मूल' सुचत नसते.

३. कवितांच्या वहीबद्दल. शनिवारचा शेवटचा तास मी तिसरीला कविता लिहायला शिकवतो. नियम एकच: पाहिले तेच लिहायचे. निवडक कविता मी एका जाड वहीत उतरवत आलो, मुलांच्या चुकांसकट. दुरुस्ती एकदाच केली. एका मुलीने लिहिले होते:

कारखाना बंद
बाबा घरी
रोजच सुट्टीचा दीन

मी लाल शाईने वेलांटी ऱ्हस्व केली. ती म्हणाली, "सर, ते चुकून नाही. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं, दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा."

आठ वर्षांची मुलगी श्लेष करते, हे मला पटेना. संस्कृत काव्यातले श्लेष सोडवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि पहिल्या बाकावरचा मला दिसला नाही. भर वर्गात विचारले, "कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही."

"खरं सांग."

मी 'घरच्यांची मदत' असा शेरा मारून पालकांना बोलावले. आई आली. शेरा मलाच वाचून दाखवावा लागला. तिला अक्षरओळख नव्हती. "मग वडिलांनी सांगितलं असेल," मी म्हणालो.

"ते दोन महिने बोलतच नाहीत हो कुणाशी."

तरी मी शेरा खोडला नाही. पुढे वर्षभर, दर शनिवारी, तिने कोरा कागद दिला.

४. तो शेरा मी मागे घेतो. कविता तिचीच, वेलांटीसकट. ती वहीही तिलाच. आता ती दुकानांच्या पाट्या रंगवते. परवा तिच्या दुकानी जाऊन सांगितले. हातातला ब्रश न थांबवता म्हणाली, "अट काय?"

"अट नाही."

"सर, तुम्ही? आणि अट नाही?"

तिचा संशय रास्त आहे. तो तिला मीच शिकवला.

"आणि जाळली तर?"

वहीत बाकीच्या मुलांच्याही दोनशे कविता आहेत. उत्तर येथे देतो: ठेवावी, छापावी, जाळावी, तिला कुणी जाब विचारू नये. उद्या मी बरा झालो तर मन बदलेन, असा मला माझाच दाट संशय आहे. म्हणून मृत्यूची वाट न पाहता वही आज सकाळीच तिच्या दुकानी पोचती केली.

पोच घेतलेली नाही.

सही: (भाषाशिक्षक, इयत्ता तिसरी)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच निवडलेले:
१. शेजारचे घड्याळवाले (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही, वाचता येत नाही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी चार