गिऱ्हाइकाचा गणवेश

रविवार, १४ जून

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. निकाल पाहिला. पहिला वर्ग, आणि प्रात्यक्षिकात सगळ्यांच्या वर. उत्तम. अक्षर मात्र अजून कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखंच आहे. तू लिहून दिलेले व्यायाम पेशंटला वाचता आले पाहिजेत, नाहीतर गुडघे दुखणारा माणूस घरी जाऊन मान फिरवत बसेल.

माझी तब्येत बरी आहे. तू शिकवलेला व्यायाम रोज खुर्चीवर बसून करते. करताना तू मागे उभी राहून "बाई, घाई करताय" म्हणशील असं वाटतं, म्हणून सावकाश करते. आमच्या मदतनिधीकडे नवीन तुकडी आली आहे. यंदा शिष्यवृत्तीसाठी दुप्पट मुलं घेतली. त्यांतली एक मुलगी इतकं हळू बोलते की मुलाखतीत मी टेबलावर ओणवी झाले तेव्हा कुठे ऐकू आलं. तुला थांबवायला मला पट्टी आपटावी लागली होती. तुझं टकळी हे नाव तेव्हापासूनचं.

एवढं लिहून झाल्यावर चहा केला, प्यायले, कप विसळला, स्वयंपाकघरातला दिवा बदलला. तू विचारलं होतंस ते सोडून सगळं करून झालं. आता लिहिते.

तू लिहिलं होतंस, "बाई, बाबांकडे जा. दुपारी दुकानात गर्दी नसते. पदवीदानाला येतील का एवढंच विचारा. नाही म्हणाले तर मी नोकरीवर रुजू होणार नाही. घरी जाऊन दारात बसेन, उघडेपर्यंत."

मी गेले होते. गुरुवारीच गेले होते.

दुकान बंद झालं आहे, टकळी. एका दिवसापुरतं नव्हे. तू शेवटची गेलीस तेव्हा चालू होतं. आता त्या जिन्याखालच्या जागेत मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. ज्या टेबलावर बाबा इस्त्री करायचे, त्यावरच त्याने कव्हरं मांडली आहेत. पृष्ठभागावरचा जळका डाग मी ओळखला. शेजारची शिवणवाली मला बघताच मशीन थांबवून म्हणाली, "तुम्ही त्या सभेच्या बाई ना?" या ओळखीने आजवर मला कुणी हाक मारली नव्हती.

त्या सभेपासून बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, पण तिच्याबद्दल आपण दोघी कधी नीट बोललो नाही. तू सगळा दोष स्वतःकडे घेतलास आणि मी तो घेऊ दिला. त्यात कुणाचा वाटा किती, ते एकदा लिहून ठेवते.

आमच्याकडे दरवर्षी देणगीदारांच्या सभेत एक विद्यार्थी बोलतो. त्याची कहाणी बसवायचं काम माझं. शाळेत असताना मी नाटुकली बसवायची, तशीच. गेल्या वर्षी तू लिहून आणलेला मजकूर मला पुळचट वाटला होता. त्यात बाबांचा दुखरा उजवा खांदा होता, त्यावरून तू फिजिओथेरपीकडे कशी वळलीस ते होतं, इस्त्री करताना ते तुला पाढे कसे म्हणायला लावत ते होतं. मी म्हटलं, "हे चांगलं आहे, पण हात खिशात जाणार नाहीत. तो गणवेश सांग, मला सांगितला होतास तसा."

तू म्हणालीस, "तो नको, बाई."

"का?"

"तो बाबांचा आहे."

मला ते कळलं नाही. मला वाटलं, पोरगी लाजते. तू म्हणालीस, बाबांना विचारून सांगते. मी म्हटलं, "विचारू नकोस, त्यांना तिथेच ऐकू दे. बापाला अभिमान वाटेल." आणि कुठे थांबायचं, तेही मी शिकवलं. 'संध्याकाळी परत दिला' या वाक्यानंतर एक श्वास. रडायचं नाही, पण आवंढा गिळायला जागा ठेवायची.

तू अगदी शिकवल्याप्रमाणे बोललीस. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला यायला तुझ्याकडे धड गणवेश नव्हता. एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा इस्त्रीला आलेला गणवेश बाबांनी त्या एका दिवसापुरता तुला घातला, आणि संध्याकाळी धुऊन, इस्त्री करून, पहिल्यासारखी घडी घालून परत दिला. त्या मुलाखतीत मीच तुझ्या नावापुढे 'टापटीप' असा शेरा मारला होता. हेही मी तुला भाषणात घ्यायला लावलं. लोक हसले, मग डोळे पुसले, मग उभे राहून टाळ्या वाजवल्या.

बाबा तिसऱ्या रांगेत होते. आणि पाचव्या रांगेत ती दातांची डॉक्टरीण होती, आमची जुनी देणगीदार आणि त्यांचं जुनं गिऱ्हाईक. सभा संपल्यावर ती हसत त्यांच्याकडे गेली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, आमचाच होता का तो? सांगायचं ना, देऊनच टाकला असता!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तू तेव्हा स्टेजवर फोटोसाठी उभी होतीस. मी जवळच होते. बाबांनी हात जोडले आणि ते दाराकडे निघाले. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

पुढचं मला शिवणवालीने सांगितलं. गोष्ट गल्लीत पसरली आणि निम्म्या गिऱ्हाइकांनी कपडे देणं बंद केलं. कुणी भांडलं नाही. घरी इस्त्री आणली, असं सांगितलं. उरलेली जुने कपडे घेऊन यायला लागली. "पोरीला होतील बघा," म्हणून पिशव्या ठेवून जायची. बाबा त्या पिशव्या उघडायचे, प्रत्येक कपडा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ज्याचा त्याच्या घरी पोचवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. शिवणवाली म्हणाली, "मी म्हटलं, अहो, ठेवून घ्या, लोक प्रेमाने देतात. तर म्हणाले, माझ्या दुकानात आलेला कपडा परत जातो." नंतर एक दिवस त्यांनी टेबल विकलं.

आता ते हॉटेलांच्या कपड्यांच्या मोठ्या लाँड्रीत कामाला आहेत. मी जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी उभी राहिले. ते बाहेर आले. वाळले आहेत, पण दाढी रोजची केलेली, शर्ट कडक. मला म्हणाले, "बाई, तुम्ही उन्हात कशाला?" आणि सावलीतल्या कट्ट्यावर रुमाल अंथरला.

"इथे बरं आहे," म्हणाले. "नुसत्या चादरी आणि टॉवेल. चादर अंगात घालून कुणी मिरवत नाही." आणि हसले. मलाही हसू आलं, टकळी.

मी तुझा निकाल सांगितला. त्यांनी पुन्हा सांगायला लावला. प्रात्यक्षिकात पहिली म्हणजे नक्की काय, ते विचारलं. मी समजावून सांगितलं. "हात चांगला आहे तिचा," म्हणाले. मला वाटलं, जमलं. म्हणून पदवीदानाचं काढलं.

"मी येणार नाही, बाई."

मग मी जे बोलायला गेले होते ते बोलले. सांगितलं, की ती गोष्ट सांगायला ती तयार नव्हती. मीच भरीला पाडलं. तिला तुम्हाला विचारायचं होतं, मीच नको म्हटलं. दोष माझा आहे, शिक्षा पोरीला देऊ नका. घरून निघताना माझा हिशोब सरळ होता. दोष मी घेतला की तू सुटशील. इतकी वर्षं गणित शिकवलं मी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला आमच्या धंद्यातलं काय माहीत? तुमची चूक मी धरलीच नाही. तिला माहीत होतं."

मी म्हटलं, "लहान आहे हो ती."

"दुकानात वाढली. चालायला लागली तेव्हापासून सांगत आलो, गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात पुसायचा नाही, अंगाला लावून बघायचा नाही. आणि मीच एक दिवस तिच्या अंगावर चढवला. तिच्यासाठी. ते आम्हा दोघांत होतं. तिने सभेत खोटी गोष्ट रचून सांगितली असती ना बाई, तर मी आलो असतो."

मी विचारलं, "राग कधी जाईल?"

"राग असता तर केव्हाच गेला असता." भोंगा झाला. त्यांनी रुमाल झटकून त्याची घडी घातली, आणि "सावकाश जा, रस्ता उखडलाय" म्हणून आत गेले.

एवढंच. हे तुला सांगायला मला तीन दिवस लागले.

काल समितीत मी सांगितलं, की यंदा सभेत कुणी घरची कहाणी सांगणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "मग देणगीदारांनी ऐकायचं काय?" मी म्हटलं, "मार्क ऐका." ते हसले आणि म्हणाले, "बाई, त्या पोरीच्या भाषणावरच तर यंदा दुप्पट मुलं घेता आली." खरं आहे ते. ती हळू बोलणारी मुलगी तुझ्या बाबांच्या त्या एका दिवसावर कॉलेजात जाणार आहे. तिला चांगलं शिकवीन. पण तिच्याकडे बघताना मान वर होत नाही.

आता तुझं. नोकरीवर रुजू हो. दारात बसू नकोस. तू बसलीस की गल्ली गोळा होईल, कुणीतरी पाणी आणील, कुणी फोटो काढील, आणि त्यांच्या घरातली गोष्ट पुन्हा एकदा बाहेर येईल. तेवढं तरी त्यांच्यावर आणू नकोस. तिथल्या पेशंटना तुझी गरज आहे, आणि ते काम तू तुझ्या बळावर मिळवलं आहेस, कहाणीवर नव्हे. नोकरीच्या मुलाखतीत कुणी तुला तुझं घर विचारलं नाही, हे तूच मला लिहिलं होतंस.

तू असंही लिहिलंस, की बाबा आले नाहीत तर पालकांच्या खुर्चीवर तुम्ही बसा. मी बसणार नाही. मला बसायला फार आवडलं असतं. पण नाही.

बाबांना पत्र लिही. ते सावकाश वाचतात, पण वाचतात. माफी मागायची की नुसतं कामाचं लिहायचं, मी सांगणार नाही. कच्चं लिहून आधी मला दाखवू नकोस. उत्तर येईल असंही मी म्हणत नाही. तरी लिही, आणि लिहीत राहा.

पदवीच्या दिवशी मी बाहेर फाटकापाशी उभी असेन. बोलावंसं वाटलं तर थांब. नाही वाटलं तर सरळ पुढे जा. मी हाक मारणार नाही.

जिच्यामुळे तुझं शिक्षण झालं आणि घर गेलं, ती
तुझी बाई