गच्चीच्या कडेची भिंत

१२ जून, नांदेड
अवीचा होकार आला. बारावीत असताना त्यानं आमच्या बंदुकीच्या गेमसाठी स्वतःच्या गल्लीचा मॅप बनवला होता. तो मला आताच्या नव्या गेम-इंजिनवर न्यायचाय, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर चालेल. ज्यानं बनवला त्याला आधी विचारायचं, हा मॅपवाल्यांचा रिवाज. कित्येक वर्षांनी बोललो. तो लातूरला, डाळमिलमध्ये. म्हणाला, कर. गल्ली रस्तारुंदीकरणात गेली, आईला घर बघायचंय. बाकी काही विचारलं नाही. मीही नाही.

१५ जून
मूळ फाइल कुणाकडेच नाही. तयार मॅपच उसवावा लागला. भिंती तिरक्या आल्या, रंग गेले, घरांवर नुसत्या गुलाबी-काळ्या चौकटी. दारं इतकी बुटकी की माणूस अडकतो. माझ्या फोटो स्टुडिओत लग्नांचे अल्बम पडलेत आणि मी अवीच्या घराचा जिना बसवून राहिलोय. मूर्खपणा. पण सोडवत नाही.

१९ जून
दार निळं झालं, नळ जागेवर आला. ऊन कुठून पाडू, अवीला विचारलं. पश्चिमेकडून, म्हणाला, चार वाजताचं. चारच का? त्यानं फोन ठेवला.

२२ जून
गच्चीच्या कडेनं अदृश्य भिंत. खेळताना दिसत नाही, मॅप बनवायच्या एडिटरमध्ये जांभळी दिसते. चारी बाजूंनी, दीड माणूस उंच. नेट कॅफेतल्या पोरांनी अवीला यावरून किती पिडलं होतं, गच्चीवरून उडी मारता येत नाही, हा कसला मॅप! मीही पिडलं. तो 'राहू दे' एवढंच म्हणायचा. आज काढून टाकली. खेळ मोकळा झाला.

२८ जून, लातूर
अवीकडे. मावशी, म्हणजे त्याची आई, फार थकल्यात. लॅपटॉप पलंगावर ठेवला. त्या सांगतील तिकडे अवी नेत होता. निळ्या दाराशी बराच वेळ थांबायला लावलं. मग म्हणाल्या, वर चल.

गच्ची. चारचं ऊन. अवी सरळ कडेकडे गेला, भिंत अडवेल या भरवशावर. बटणावरचं बोट उचललंच नाही. पडद्यावर खाली गल्लीत पडला.

मावशी हळूच म्हणाल्या, "सोनी हितूनच पडली."

सोनी म्हणजे अवीची धाकटी बहीण, पाच वर्षांची. आम्ही नववीत होतो तेव्हा. गच्चीला कठडा नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी ती भिंत काढताना आठवलं नाही. लाज वाटते लिहायला.

अवी उठून बाहेर गेला. मावशी माझ्याकडे वळल्या.
"आव्याला तिच्यापाशी बसवून गेल्ते मी. कुठं गेल्ता त्यो? आजून सांगितलं न्हाई त्यानं. तुला म्हाईत हाय का, सुन्या?"
मी "न्हाई" म्हणालो.

२९ जून, नांदेड
माहीत आहे. खालून मीच हाक मारली होती. कॅफेत एक मशीन रिकामं झालं होतं. अवीनं इतकी वर्षं मार खाल्ला, बोलणी खाल्ली, माझं नाव घेतलं नाही.

३ जुलै
भिंत परत बसवली. तेव्हा आणखी एक दिसलं. खेळाडू जिथून सुरुवात करतात त्या आठ जागा. सात जणांची तोंडं सरळ रस्त्याकडे. आठवा निळ्या दारासमोर, विजेच्या खांबापाशी, तोंड वर गच्चीकडे.
हाक मारली तेव्हा मी तिथंच उभा होतो.
कॅफेत शेकडो वेळा खेळलो असेन हा मॅप. कधी कळलं नाही. अवी मला कळवत होता की त्यानं स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं, काय माहीत.

६ जुलै
अवीचा मेसेज. 'आईला परत बघायचाय. रविवारी ये.' भिंत घातलीस का, हेही नाही विचारलं.
आठवी जागा पुसायला दोनदा बसलो. नाही पुसली. बाकीच्या सात काढल्या. रविवारी मावशींसमोर खेळ खांबापाशी सुरू होईल. तिथं कोण उभं होतं, हे त्या विचारतील.
सकाळची लातूर गाडी साडेसहाला आहे.