हरवलेली तपकिरी मेंढी

होल्ट, ९ जून १९९८

ती. सोल्वेइगताईस,
सा. न. (टाके ओढतात, त्यामुळे जेमतेमच वाकून) वि. वि.

आइसलँडभर तुझ्या भावाची चौकशी सुरू होण्याआधी कळवतो, की मी घरी पोचलो. छाती उभी कापली, पायातली शीर काढून हृदयाला जोडली आणि वरून तारेने शिवून टाकलं. आपल्या कुंपणाला मी याहून बरी तार ओढतो. डॉक्टर म्हणतात, त्यांचं काम उत्तम झालं, उरलेलं माझ्या पायांचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय की रोज चालायचं, चढावर चालायचं, रोज थोडं वाढवायचं.

आता तूच सांग, चालू कुठे? आपल्या खोऱ्यात पुढे मेंढी असल्याशिवाय कोणी चालतं का? रिकामे चालतात ते पर्यटक, हातात दोन काठ्या घेऊन. शेजारची उन्नुर खिडकीतून बघेल आणि संध्याकाळपर्यंत खोरंभर हसं होईल. आणि खरं सांगू, ताई? भीती वाटते गं. फाटकाशी छाती धडधडली की गोठ्यात कोसळलो तो दिवस आठवतो आणि मी मागे फिरतो. सप्टेंबरात मेंढरं उतरवायला डोंगरावर जाता आलं नाही, तर कळप विकायचं ठरवलंय. मग आकुरेरीला तुझ्याकडे येऊन खिडकीत बसेन.

तुझ्या लोभाची फार गरज असलेला,
ब्रान्डुर

आकुरेरी, १३ जून

चि. ब्रान्डुरास अ. उ. आ.

खबरदार! माझ्या खिडकीत एकच खुर्ची आहे आणि तिच्यात मी बसते. कळपावाचून तू चार दिवसांत माझं डोकं खाशील.

चेष्टा पुरे. भीती वाटते तर वाटू दे, पण फाटकाबाहेर पाऊल टाक. फार नको, झऱ्यापर्यंत जा. लोक हसले तर हसोत; एरवी तरी तू त्यांना हसायला काही कमी दिलंयस का? पुढचं पत्र झऱ्यापर्यंत जाऊन आल्यावरच लिहायचं.

अजूनही तुझा कान धरू शकणारी,
ताई

होल्ट, १८ जून

ती. ताईस सा. न.

घोटाळा झालाय! मोठा घोटाळा!

तुझं ऐकून झऱ्यापर्यंत गेलो. धाप लागली म्हणून कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत उभा राहिलो. झालं! उन्नुरने पाहिलं. आपल्याकडे माणूस एकटा उभा राहून वर बघतोय म्हणजे त्याची मेंढी हरवलीय, दुसरं काय असणार! बघता बघता ती कुत्रं घेऊन हजर, मागून तिचा नवरा पेतुर. काय हरवलं म्हणून दोघं विचारायला लागले. व्यायाम करतोय हे सांगायला माझी जीभच रेटेना. तोंडातून निघून गेलं, तपकिरी मेंढी, डाव्या शिंगाचं टोक मोडलेली.

आता रोज कॉफी झाली की उन्नुर दारात. आज ओढ्याच्या वरच्या अंगाला बघू म्हणते. माझ्यासाठी एवढी धडपड चाललीय, मी घरी बसू तरी कसा? काल टेकडीच्या कडेपर्यंत गेलो, ताई! छाती धडधडली, पण पेतुर त्याच्या सासूचे किस्से सांगत होता, घाबरायला सवडच मिळाली नाही. खरं काय ते सांगून टाकू का? लवकर कळव.

तुझा खोटारडा,
ब्रान्डुर

आकुरेरी, २२ जून

चि. ब्रान्डुरास अ. आ.

सांगशील तर याद राख! हसून हसून माझा चष्मा दह्याच्या वाडग्यात पडला. अरे वेड्या, मेंढी सापडत नाही हेच तर बरं आहे. शोधत राहा, वर वर जात राहा. तेवढं तिला नाव मात्र दे, नाहीतर पकडला जाशील. मोरा म्हण.

मेंढी न सापडो अशी प्रार्थना करणारी,
ताई

होल्ट, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

काल कुठवर गेलो असेन? वरच्या कड्याखालच्या खोपटापर्यंत! स्वतःच्या पायांनी! व्यायामाच्या बाईंनी तपासलं आणि एवढी गोडी कशी लागली म्हणून विचारलं. म्हटलं, मोरा शोधतोय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

पण मनाला टोचतंय गं. पेतुर गवताची कापणी टाकून येतो. परवा तर त्याला कड्यावर तपकिरी ठिपकासुद्धा दिसला. बिचारा!

तुझा ब्रान्डुर

होल्ट, १४ सप्टेंबर

ताई! ताई! नमस्कार नंतर, आधी ऐक!

मेंढरं उतरवली! मी उतरवली, सगळ्यांबरोबर! खाली दगडी मेंढवाड्यात अख्खं खोरं जमलं होतं, गाणी चालली होती, जो तो आपापली मेंढरं निवडत होता. एवढ्यात उन्नुर ओरडली की ब्रान्डुर, तुझी मोरा सापडली!

बघतो तर खरंच तपकिरी मेंढी! डाव्या शिंगाचं टोक करवतीने कापलेलं. कान चाचपला, तर माझ्या कळपाची कातरून केलेली खूण, आणि तिची जखम केव्हाच भरून आलेली. म्हणजे जूनमध्येच खूण करून त्यांनी ती डोंगरावर सोडली होती. त्यांच्याच कळपातली, ताई! माझी एकेक मेंढी ते तोंडावरून ओळखतात. माझ्याकडे तपकिरी मेंढी नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तरी उन्हाळाभर माझ्याबरोबर शोधत फिरले.

तिची दोन्ही शिंगं धरली, पाठीवर टांग टाकली आणि सगळ्यांदेखत तिला वाड्यातल्या माझ्या कप्प्यात नेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लाज वाटली नाही. कळप विकत नाही. खिडकीतली खुर्ची तुझी तुलाच लखलाभ.

तुझा लोभ मोरावरही असू दे.
ब्रान्डुर

ता. क. १५ तारीख, सकाळ. मोरा कुंपण ओलांडून पळाली! खरोखर पळाली! उन्नुरला फोन केला तर ती हसतच सुटली, आता पुरे म्हणाली आणि फोन ठेवला. तिला थापच वाटतेय. पत्र पेटीत टाकून तसाच वर निघतो, एकटाच.