बिनसाखरेचा चहा आणि तीन सैन्यं

सोमवार, ता. ४
यांच्यावर मोठी जबाबदारी. तीन मित्रदेशांच्या सैन्यांचे वायरलेस सेट एकमेकांशी बोलते करायचे. शुक्रवारी चाचणी. फसली तर यांची लांब बदली, आणि मी इथे सासूबाई-जाऊबाईंच्या तावडीत. सेट चांगले आहेत म्हणे, पण प्रत्येक देश आपला गुप्त कोड कुलपात ठेवतो, दुसऱ्याला देत नाही. मी म्हटलं, त्यात काय अवघड? माणसं जोडता आली पाहिजेत. हे माझ्याकडे बघतच राहिले. कौतुकानं असावं.

मंगळवार, ता. ५
संकल्प : दोन्ही परदेशी साहेबांना चहाला बोलावून समेट घडवणे. शिवाय जपाची एक माळ जास्त. जपाला खर्च नाही.
जाऊबाईंना कळवलेलं नाही. आमचं बोलणं बंद आहे. चूक त्यांची. स्वयंपाकघर एक, कपाटं दोन, कुलपं दोन. निरोप सासूबाई पोचवतात. छान चाललंय.

बुधवार, ता. ६. संध्याकाळ
साहेब आले. चहा उकळला तेव्हा कळलं, माझी साखर संपलीय. काटकसरीत असं होतं. जाऊबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. निरोप द्यायला धावले, तर सासूबाई गाढ झोपलेल्या. म्हाताऱ्या माणसाला उठवणं पाप. शेवटी ओट्याकडे बघून म्हटलं, "कुणाकडे साखर असली तर बरं होईल."
जाऊबाई भाजीला म्हणाल्या, "कुणी सरळ मागितली तर असेलही."
सरळ कोण मागतं? चहा तसाच नेला. तब्येतीला चांगला, म्हणून सांगितलं. यांना राहवेना, साहेबांना सगळी हकिकत सांगून मोकळे. दोघे एकमेकांकडे बघून हसत सुटले. घरात मोकळं वातावरण वाटलं असणार.

शुक्रवार, ता. ८
चाचणी पास! बदली टळली. तिघांचा एकच कोड ठरला, सेट धडाधड बोलले. परदेशी साहेब मीटिंगमध्ये म्हणाले म्हणे, "आपलं त्या स्वयंपाकघरासारखं व्हायला नको." हे हसत सांगत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जप फळला. समेट घडवणं हे माझ्याच हातचं काम, हे सिद्ध झालं.

शनिवार, ता. ९. दुपार
यांचे मोठे साहेब आज चहाला येणार. दोघी जावांनी मिळून केलेला चहाच हवा म्हणे. पुढाकार मीच घ्यायचा ठरवलं. त्याला मोठं मन लागतं. जाऊबाईंच्या दारापर्यंत गेले. त्यांनी मान वर केली.
"काय हवंय?"
दाराच्या चौकटीला म्हटलं, "काही नाही." परत फिरले.
सासूबाईंच्या उशाशी बसून लिहितेय. त्या उठल्या की निरोप देईन.