आतली कडी

के. आर. पुरम, बेंगळूर
२६ सप्टेंबर १९९७

प्रिय शंतू,

तुझं पत्र आठवड्यापूर्वीच पोचलं. गॅरेजचं शटर उघडत नाही तर काय काय करून बघा ते दोन पानं भरून लिहिलंस, आणि शेवटी एका ओळीत, दसऱ्याला सुट्टी मिळणार नाही. शहाणाच आहेस! इंजिनियर झालास म्हणून पुण्यात बसून ताईला शटर शिकवणार. बरं, आधी तुझ्या सल्ल्यांचं काय झालं ते ऐक. मग मी जे सांगणार आहे ते सगळं वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नकोस. फोनवर मला हे बोलता येत नाही. फोन हॉलमध्ये, आणि हॉलच्या खिडकीखाली हल्ली बाबांची खुर्ची असते. तू खंडेनवमीला घरी यायलाच हवंस, आणि ते मिस्त्री पाठवून भागणारं काम नाही, हे मला तुला पटवायचंय.

तर कुलपात रॉकेल सोडलं, मग शिलाई मशीनचं तेल सोडलं. कुलूप अगदी छान उघडतं, किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतला गंज बाबांनी पटाशीने खरवडला आणि ग्रीस भरलं. खालच्या पट्टीला जॅक लावा म्हणालास. अरे बाबा, आपला जॅक गाडीच्या डिकीत, गाडी गॅरेजात, आणि गॅरेज बंद! शेवटी शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांकडून त्यांचा आणला. पट्टी वाकायला लागली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, जोर नको लावू, ती दचकेल. कोण, म्हणून मी विचारलं, तर जॅक पुसून परत द्यायला गेले. मला वाटलं, बाबा थकले. वर्षभर त्यांनी गाडी काढली नव्हती, आता नवरात्राआधी धुऊन पुसून ठेवू म्हणत होते, त्यात हे विघ्न.

मग शटरवाला आणला, महांतेश नावाचा. बेळगावकडचा, आपल्याशी मराठीत बोलतो, आणि बोलणं मोठ्या ऐटीचं. त्याने इकडे ठोकलं, तिकडे कान लावला, स्प्रिंगा बऱ्या आहेत म्हणाला, आणि मग हसायलाच लागला. ‘अक्का, शटर चांगलं हाय तुमचं. आतनं कडी घातलीया.’ मी म्हटलं, आत कुणी नाही. ‘मग कडी काय गणपतीनं घातली?’ म्हणून शिडी लावली आणि झरोक्यातून बॅटरी टाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. खाली उतरला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, आत गाडी आहे, धूळ आहे, माणूस नाही. आणि कडीही नाही. कडी होती ती जागा नुसती तुटलेली दिसते. तरी त्याने एकदा पुन्हा दोन्ही हात लावून शटर वर रेटलं, आणि एकदम हात काढून घेतले. न्हाणीघराचं दार बाहेरून कुणी ढकललं की आतलं माणूस कसं हात टेकवून धरतं, तसं कुणीतरी धरलंय, म्हणाला. ऐटबीट सगळी गेली. मजुरी घेतली नाही, शिडीसुद्धा इथेच टाकून गेला. ती अजून भिंतीला उभी आहे.

आता तू विचारशील, कडी कधी तुटली? तेच सांगायचंय, आणि बाबांनी ते तुला सांगायचं नाही म्हणून मला आईची शपथ घातली आहे. मी ती मोडते आहे. आई समजून घेईल. निदान तीच समजून घेईल.

खंडेनवमीची आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. इथले सगळे लोक गाडी रस्त्यावर काढून पूजा करतात, आपली आई मात्र पहाटे आंघोळ करून शटर ओढून घ्यायची, आतून कडी घालायची आणि एकटी गाडी सजवायची. बाळकेळी, शेवंतीचे हार, चाकांखाली लिंबं, पुढे रांगोळी. नटलेली गाडी आधी कुणी पाहायची नाही. आतून ‘या आता’ अशी हाक आली की मगच बाबांनी शटर उचलायचं आणि कोहळा फोडायचा. तोवर दाराला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा बाबांनी घाई केली तर दिवसभर अबोला धरला होता बाईने.

तर गेल्या वर्षी तिने जाहीर केलं की यंदा शटर शंतू उचलेल. तुझी नोकरी लागल्यानंतरचा पहिला दसरा ना! तुझी आगगाडी सकाळी यायची होती, ती गुंटकलला अडकली. तो फोन तूच केला होतास. आई तोवर आत गेली होती. बाबांनी बाहेरून सांगितलं, उशीर होणार आहे, तू बाहेर ये. तर म्हणाली, मी सावकाश करते, तो आला की हाक देईन. मधून मधून विचारायची, शंतू आला का? दातांत हाराचा दोरा धरून बोलायची तसा आवाज. बाबा म्हणायचे, नाही अजून. मग तिने विचारणं थांबवलं. आम्हाला वाटलं, रुसली. मी दार वाजवायला निघाले तर बाबा म्हणाले, स्वल्प थांब, हाक आल्याशिवाय नको, उगीच सणाला वाद. आम्ही पुरणपोळ्या झाकून ठेवल्या आणि थांबलो, शंतू. उन्हं उतरायला लागली तेव्हा भाग्यलक्ष्मीअक्कांच्या दिराने पहारीने कडी तोडली. आई गाडीच्या पुढच्या चाकाशी टेकून बसली होती, मांडीत अर्धा हार. डॉक्टर म्हणाले, लगेच बाहेर काढलं असतं तरी फरक पडला नसता. बाबांनी ते ऐकलं, पण त्यांना ते ऐकू गेलं असं मला कधी वाटलं नाही.

तू पोचलास तेव्हा आम्ही तिला हॉलमध्ये आणलं होतं, आणि स्वयंपाकघरात पडली असं तुला सांगितलं. तुझी वाट बघत होती हे कळलं तर पोराला जन्मभर टोचेल, म्हणून. गाडी उशिरा आली यात तुझा कसला रे दोष? पण तू रडला नाहीस, तेराव्यानंतर जो गेलास तो आलाच नाहीस. तुला कुणी सांगितलं होतं, की तू आपणच ओळखलंस?

गणपती उठले आणि बाबा रोज दुपारी शटरसमोर, हॉलच्या खिडकीखाली खुर्ची टाकून बसायला लागले. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते हळूच म्हणत होते, ‘नाही अजून.’ मी म्हटलं, कुणाशी बोलताय? म्हणाले, विचारतेय ती. डॉक्टरांना विचारायचं ठरवलं मी. आणि दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मला ऐकू आलं. भर दुपारी, शेजारी रेडिओ चालू, आणि शटरच्या आतून, दातांत दोरा धरलेला तो आवाज. शंतू आला का?

मी पळून गेले नाही. शटरला गाल लावून म्हटलं, आई, मी आहे गं, नीलू. काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. वर्षभर बाबांचं सगळं मी करते आहे, तुझ्याशी खोटं मी बोलले, आणि तिने मला नुसतं हूं सुद्धा म्हणू नये? मला भीती वाटायच्या ऐवजी रडूच आलं. बाबा जेवत नाहीत धड. सकाळचं ताट तसंच परत येतं. हाक चुकेल म्हणून झोपायलाही आत येत नाहीत, चार दिवसांपासून तर तिथेच चटई टाकली आहे. असंच चाललं तर पुढच्या दसऱ्याला मला बाबाही उरणार नाहीत. म्हणून परवा, तुझं पत्र पुन्हा एकदा वाचून झाल्यावर, रागाने म्हण, दयेने म्हण, मी जाऊन सांगितलं, ‘हो आई, आला शंतू.’

शटर वर गेलं. कुणी हात लावला नव्हता, बाबांनी नाही, मी नाही. वीतभर उचललं गेलं आणि खालून ताज्या शेवंतीचा वास आला, ओल्या रांगोळीची एक पांढरी कड दिसली. बाबा गुडघ्यांवर बसले. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला. मग आतून आईने विचारलं, अगदी जवळून, पट्टीशी वाकून विचारावं तसं, ‘मग तो बोलत का नाही?’ मी बाबांना मागे ओढलं. शटर खाली आलं, हळूच, आवाज न करता.

तेव्हापासून ती ‘आला का’ असं विचारत नाही. ‘बोलत का नाही’ एवढंच विचारते, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, आणि बाबा तिला सांगतात, बोलेल गं, दमून आलाय. म्हणून हे पत्र. तू दर रविवारी फोन करतोस, पाऊस आहे का, गोळ्या घेतात का विचारतोस आणि ठेवतोस. चालेल, माझ्याशी असाच बोल. पण खंडेनवमीला ये. आत जायचं नाही, ते मी होऊ देणार नाही, तुझा हात मी सोडणार नाही. बाहेर उभा राहा आणि तिला सांग, आई, गाडीला उशीर झाला, पण मी आलो. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती उठणार नाही तिथून, आणि बाबाही नाही. मला ती ओळखत नाही रे, शंतू. मी तुझा आवाज काढून पाहिला आज सकाळी, तर फसली नाही, आत नुसती हसली.

तुझीच,
नीलूताई