बिब्याची आणि माझी निरवानिरव

मी, श्रीमती रुखमाबाई नथ्थू निमगडे, वय चौसष्ट, धर्माने बौद्ध, सरकारी दवाखान्याची निवृत्त नर्स, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. हे वाक्य सगळेच लिहितात. मला मात्र ते सिद्ध करावे लागले, कारण माझा एकुलता एक मुलगा गुलाब याने यंदा होळीच्या सुमारास मला वेडी ठरवण्यासाठी एक डॉक्टर आणला होता. ती हकीकत योग्य ठिकाणी येईल.

कलम १. माझ्या मालकीचे आरमोरीतील दोन खोल्यांचे कवेलूचे, म्हणजे कौलारू घर, पुढची पडवी आणि मागचे आवार. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. नवरा चोपन्न साली वारला तेव्हा मागे काही नव्हते, गुलाब होता, सहा वर्षांचा. त्यानंतर मी चांद्याला दाईचा कोर्स केला आणि नोकरीला लागले. म्हणून या घरात वडिलोपार्जित असे काही नाही आणि हक्क सांगायला कोणी येऊ नये. पोस्टातल्या बचतीचा आकडा पासबुकात आहे, तो इथे लिहीत नाही.

कलम २. माझ्यावर अवलंबून असलेला जीव एकच आहे, माझा कुत्रा बिब्या. बहात्तर साली मी एटापल्लीकडे सूरजागडाच्या पायथ्याच्या उपकेंद्रात होते. सोमारी नावाच्या माडिया बाईचे मूल पोटात आडवे होते. दीड दिवस लागला, दोघेही वाचले. पुढच्या आठवड्यात तिने ओच्यातून एक पिल्लू आणून माझ्या हातात दिले. बिब्यासारखे काळे, म्हणून तेच नाव ठेवले. पुढची आठ वर्षे मी ज्या पायवाटेने गेले त्या पायवाटेने तो पुढे चालला. पंचाहत्तर साली मोहफुलांच्या दिवसांत सकाळीच वाटेवर अस्वल उभे राहिले. बिब्या मधे घुसला. त्याचा डावा कान अर्धा गेला, माझ्या अंगावर ओरखडा नाही. निवृत्त होऊन आरमोरीला आले तेव्हा तोही आला. आता त्याचे वय चौदा आहे. दोन्ही डोळे गेले, मागच्या पायांत जोर नाही, जागच्या जागी लघवी होते आणि महिन्यातून एकदा दोनदा झटका येतो.

कलम ३. गुलाबला घर का देत नाही याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी आपल्या मनाने कारण जोडणार नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन चांद्याला झाले. नऊ दिवस तिथे राहावे लागले. बिब्याचे बघायला गुलाब आणि सून चंदा बल्लारपूरहून इथे येऊन राहिले होते. मी निघताना गुलाबला दोनदा सांगितले, औषध कसे द्यायचे, उचलायचे कसे. तो म्हणाला, "आई, तू बेफिकीर जाय. मी हाव ना."

परत आले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पडवीत पाऊल टाकले आणि हाक मारली. चंदा म्हणाली, "आई, बिब्या गेला. परवाच गेला. तरास नाई झाला त्याले." गुलाबने माझा हात धरून मागच्या आवारात सीताफळीखाली नेले आणि मातीच्या उंचवट्यावर माझा तळहात टेकवला. माती अजून भुसभुशीत होती. वर त्याने दगडही ठेवला होता. मी तिथे बसून रडले. गुलाब शेजारी उभा राहिला आणि त्याने हात जोडले. एका डोळ्याने मला तेवढे दिसले. ते जोडलेले हात मी विसरणार नाही.

ते दोघे दुसऱ्या दिवशी परत गेले. मी रोज सकाळी त्या मातीवर पाणी शिंपडत होते, झेंडूचे फूल ठेवत होते, मेणबत्ती लावत होते. त्याची जर्मनची ताटली घासून शेजारच्या पोरीला देऊन टाकली. असे बारा दिवस.

तेराव्या दिवशी अयूब आला. अयूब सायकलला पेटी बांधून बाजारोबाजारी बांगड्या विकतो. मी उपकेंद्रात होते तेव्हा तो तिकडच्या बाजारांना यायचा, त्यामुळे बिब्या त्याच्या ओळखीचा. त्याने सायकल पडवीला टेकवली आणि म्हणाला, "बाई, पेटीत हात घाला, पण हळू." मी हात घातला. अर्धा कान लागला.

वैरागडच्या बाजारात मटणाच्या दुकानामागे बिब्या पडला होता. अंगावर किडे होते, मागचा पंजा सोलला होता. अयूबने नाव घेतले तर शेपूट हलवली. मग अयूबने बाजार अर्धा टाकून बांगड्या एका दुकानदाराकडे ठेवल्या आणि रिकाम्या पेटीत त्याला घालून आरमोरीपर्यंत सायकल हाणली. मी विचारले, "अयूबभाऊ, तुमच्यात कुत्र्याले शिवत नाईत ना?" तो म्हणाला, "घरी जाऊन आंघोळ करीन, मंग नमाज पडीन. मुकं जनावर हाय, बाई. त्याले टाकून कसा येऊ?"

आधी आम्ही बिब्याला धुतले. मग मी अयूबला फावडे दिले आणि सीताफळीखालची माती काढायला लावली. खाली फुटकी कवेलू भरलेले एक पोते निघाले.

गुलाबला मी पोस्टकार्ड टाकले. "बिब्या घरी आला आहे," एवढेच लिहिले. खाली आशीर्वाद लिहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

कलम ४. वरील घर, पडवी, आवार आणि पोस्टातली बचत माझ्यामागे अयूब शेख आणि त्याची बायको सईदा यांनी घ्यावी. हे मी अयूबला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "कुत्रा ठेवतो बाई, घर नोको. लोक म्हणतीन कुत्र्याच्या आडून घर लाटलं." त्याचा नकार मी ऐकला. मानला नाही. लोक काय म्हणतील ते चौसष्ट वर्षे ऐकले आहे. आणि निमगड्यांपैकी जे मला म्हणाले की घर जातीबाहेर, धर्माबाहेर जाते, त्यांना विचारते की पेटी रिकामी करणारा आपल्यात कोण होता ते सांगा.

कलम ५. बिब्या माझ्यामागे जिवंत असेल तर अयूब आणि सईदाने पुढीलप्रमाणे करावे. हात लावण्याआधी नाव घ्यावे, नाहीतर तो दचकतो. पडवीत खाली भाताचे तणस, वर पोते, आणि तणस रोज सकाळी बदलावे. दर दोन तासांनी बाजू बदलावी. चट्टा पडू लागला तर आधी केस गळतात, तेव्हाच लक्ष द्यावे. फिरवताना जुन्या लुगड्याची घडी पोटाखालून घेऊन मागचा भाग उचलून धरावा. पुढचे पाय त्याचे तो टाकतो, त्याला ते आवडते, घाई करू नये. तांदळाची पेज, त्यात अंडे, मीठ नाही. झटका आला तर धरू नये, तोंडात पाणी घालू नये, कांदा किंवा जोडा हुंगवू नये. जवळ बसून राहावे. तो शुद्धीवर येतो तेव्हा कोणीतरी बोलत असलेले त्याला लागते. अन्न सोडले आणि कण्हणे थांबेना, तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे आणि तो सांगेल तसे करावे.

मी साडेसातशेच्या वर बाळंतपणे केली. प्रत्येक वेळी एकच मागितले, की दोन्ही जीव वाचू दे. आता मी रोज मागते की बिब्या माझ्याआधी मरू दे. मला याची लाज वाटते, पण मागते. माझ्या छातीत दुखते ते नर्सला कळते, तिला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

कलम ६. पोस्टकार्ड मिळाल्यावर गुलाब आणि चंदा एका रविवारी आले. काय बोलणे झाले ते शेवटच्या कलमात आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी गुलाब तो डॉक्टर घेऊन आला. सोबत समोरचा किराणावाला झिंगू, साक्ष द्यायला. झिंगू म्हणाला, "डाक्टरसाहेब, इथी माणसाले दवा भेटत नाई, अन् हे बाई कुत्र्याले सलाईन लावते. दिवसभर त्याच्यासंग बोलते." डॉक्टरने मला विचारले, "कुत्र्याशी बोलता का?" मी म्हटले, "आंधळा हाय तो. न बोलता शिवलं तं भेते. तुमी पेशंटले न बोलता शिवता काय?" त्याने बिब्याचे अंथरूण उचलून पाहिले, पाठ पाहिली, आणि गुलाबला म्हणाला, "माझ्या वॉर्डात एवढं स्वच्छ अंथरूण नसतं." चहा न घेता गेला.

झिंगूची तिन्ही मुले माझ्या हातांवर जन्मली. तिसऱ्याच्या वेळी नाळ गळ्याभोवती होती. झिंगूने माझ्या प्रेताला हात लावू नये.

कलम ७. माझी नर्सची बॅग, कात्री, थर्मामीटर इथल्या दवाखान्यातल्या नव्या सिस्टरला द्यावे. पाण्याचा पितळी गुंड चंदाला. तिने तेरा दिवस खरे सांगायला तोंड उघडले नाही. पण त्या रविवारी बिब्याजवळ बसून ती रडली आणि म्हणाली, "मी नको म्हटलं होतं, आई. ऐकलं नाई यायनं." म्हणून गुंड मिळेल. घर नाही.

कलम ८. गुलाबला माझ्या पेटीतली त्याची पत्रे द्यावीत. एकतीस आहेत, ब्रह्मपुरीच्या वसतिगृहातून लिहिलेली. त्याचा माझ्यावर एक आरोप आहे आणि तो त्या रविवारी त्याने बोलून दाखवला. "मले टायफाइड झाला तवा तू आली नाई. अन् याच्या उशाशी दिवसभर बसते." हे खरे आहे. बिब्याला जी सेवा मिळाली ती गुलाबला मिळाली नाही, हे मी इथे नोंदवते. त्याने एकसष्टच्या श्रावणात लिहिलेले पत्र वरच आहे. त्यात "आई, तू ये" एवढेच आहे. मी तेव्हा जंगलातल्या दवाखान्यात नोकरीवर होते आणि नदीनाले भरलेले होते. पत्र मला अकराव्या दिवशी मिळाले, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे, पाहावा. मी दोन दिवस चालून आणि एक दिवस ट्रकमध्ये बसून पोचले तेव्हा ताप उतरला होता आणि हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माझ्याशी बोलला नाही. तेव्हा तेरा वर्षांचा होता. मी समजावून सांगायला हवे होते. संध्याकाळी परत ड्यूटीला निघाले. ही माझी चूक आहे, पण तिचे बिल बिब्याच्या नावावर फाडायचे नव्हते.

कलम ९. शेवटच्या आजारात मी बेशुद्ध असले तरी मला गुलाबच्या हवाली करू नये. इथल्याच दवाखान्यात ठेवावे, आणि निर्णय घ्यायची वेळ आली तर तो इसरू मडावी यांनी घ्यावा. ते उपकेंद्रात माझे शिपाई होते आणि हे मृत्युपत्रही त्यांनीच अमलात आणावे.

याचे कारण असे. त्या रविवारी गुलाबने सगळे कबूल केले. टेम्पो कोणाचा, कुठे उतरवले, सगळे. मग म्हणाला, "काऊन एवढं मनावर घेतं आई? कुत्रा होता तो. म्हातारा, आंधळा, जागेवर मुतते. कोणाले ठेवणं होते?"

मी विचारले, "गुलाब, उद्या मी आंधळी झाली, जागेवर मुतली, तं मले कोणत्या रस्त्याले सोडशीन?"

मी उत्तराची वाट पाहिली. खोटे बोलला असता तरी चालले असते. मग मनगटावरचे घड्याळ पाहून त्याने चंदाला विचारले, "चांद्याची यष्टी किती वाजता हाय?"

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, एकही शब्द बदलला नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांपैकी कोणाला यातून काही मिळायचे नाही.

सही: रुखमाबाई नथ्थू निमगडे

साक्षीदार
१. इसरू लालसू मडावी, निवृत्त शिपाई, आरमोरी
२. गिरजाबाई तुकाराम देवगडे, निवृत्त शिक्षिका, आरमोरी

ठिकाण: आरमोरी
दिनांक: १७ नोव्हेंबर १९८६, सोमवार