सहा ते सात मराठी बंद

३ जुलै १९७२, सोमवार
आजपासून इंग्रजी. कारण लिहून ठेवतो, म्हणजे जिद्द टिकेल.
दुष्काळाची पाहणी करायला आलेला एक गोरा साहेब शनिवारी आमच्या हायस्कुलात डोकावला. मी व्हरांड्यात उभा. त्याने हसून काहीतरी विचारलं. मी "येस सर" म्हणालो. त्याने हातातली बॅग माझ्याकडे दिली. मागून कळलं, तू इथला शिपाई का, असं त्याने विचारलं होतं. बॅग मी जीपपर्यंत नेली. हेडमास्तर आप्पासाहेब बघत होते. पाथर्डीत बारा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाची ही दशा. दोन दिवस जेवण गेलं नाही.
संकल्प: दिवाळीपर्यंत फाडफाड इंग्रजी.

६ जुलै
जोडीदार मिळाला. गोरक्षनाथ. ढोरांच्या दवाखान्यात स्टॉकमन आहे, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस; जूनमध्ये जामखेडकडून बदलून आला. मॅट्रिक. मऊ माणूस. बैलाला सुई टोचायची तरी आधी त्याची समजूत घालतो. त्याची बायको असते बरोबर, पण दिसत नाही.
ठरलं ते असं: रोज संध्याकाळी सहा ते सात शेवगाव रस्त्याने फिरायचं. मराठी बंद. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात म्हटलंय की हवापाण्यावर बोलून भाषा वाढत नाही, विचार मोठे हवेत. म्हणून सोमवार-मंगळवार सायकॉलॉजी, बुधवार-गुरुवार फिलॉसॉफी, उरलेले दिवस मॉडर्न लाइफ.

१० जुलै
सायकॉलॉजी. सुरुवात मी केली. "माइंड इज ए व्हेरी मेंटल थिंग." तो बराच वेळ गप्प. प्रभाव पडला असावा.
मग म्हणाला, गाईलाही माइंड असतं. वासरू मेलं की ती पान्हा चोरते. पान्ह्याला इंग्रजी शब्द दोघांनाही सुचेना. मी विषय बदलला.

१९ जुलै
फिलॉसॉफी. मी विचारलं, "व्हाय इज मॅन?" तो म्हणाला, "गॉड नोज." सव्वासहाला विषय संपला. पाऊण तास मुक्यानेच चाललो. पावसाचा टिपूस नाही, रस्ताभर फुफाटा.

४ ऑगस्ट
आठ दिवस दांडी. सर्दी होती. थोडी.
आज मॉडर्न लाइफ. विषय फ्रिज. दोघांनीही पाहिलेला नाही, तरी चाळीस मिनिटं बोललो. म्हणजे मीच बोललो. त्याने दोनदा काहीतरी काढायचा प्रयत्न केला, पण ते फ्रिजबद्दल नव्हतं.

२१ ऑगस्ट, सोमवार
गोरक्षनाथ आज आपणहून बोलला. "माय वाइफ इज नॉट स्पीकिंग."
मी तिथेच थांबवलं. रोजचीच गोष्ट असेल तर 'डज नॉट स्पीक' म्हणायचं, हे समजावून दिलं. त्याने तीनदा म्हणून दाखवलं. माय वाइफ डज नॉट स्पीक. उच्चार बरा आहे. मी म्हणालो, "देन यू आर लकी मॅन." तो हसला. हसला असं वाटतं. अंधारून आलं होतं.
घरी बायकोला, मालनला, हा विनोद सांगितला. ती हसली नाही. उलट दवाखान्यामागच्या खोलीचं काहीतरी सांगू लागली. म्हटलं, बायकांच्या गप्पांना मला वेळ नाही, उद्या मॉडर्न लाइफची तयारी आहे. (उद्या मंगळवार, म्हणजे सायकॉलॉजी. नंतर लक्षात आलं.)

४ सप्टेंबर
महिनाअखेर शिक्षणाधिकारी येणार. आभार इंग्रजीत मानायचे ठरले. कोण मानणार म्हणताच मी हात वर केला. आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. ती बॅग ते अजून विसरलेले नाहीत. आता विसरतील.
गोरक्षनाथला लेखी कामाची सवय हवी. 'ह्यूमन माइंड' या विषयावर दहा ओळी लिहून आण म्हटलं.

१३ सप्टेंबर
निबंध तपासला. दहा ओळींत सतरा चुका. दहापैकी चार दिले, तेही उदारपणे. लाल शाईत शेरा मारला: 'विषय फार उदास. घरातल्या माणसांवर लिहू नये. सर्वसामान्य मानवावर लिहावे.' त्याला दाखवला. तो वाचत राहिला, मग "थँक यू सर" म्हणाला. कागद नमुन्यादाखल माझ्याकडेच ठेवला आहे.

१८ सप्टेंबर
गोरक्षनाथ आला नाही.

२१ सप्टेंबर
आजही नाही. इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स. चार मार्कांचा धसका घेतला. माणसाचं मन मला आता लांबून वाचता येतं, हे कबूल केलं पाहिजे. आभाराचं भाषण एकट्यानेच पाठ करतो आहे. मालन म्हणाली, ते कुठं गेले ते विचारा तरी. म्हटलं, येईल आपला आपण.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.
"ऑन बिहाफ ऑफ" पर्यंत ठीक गेलं. पुढे कोणाच्या वतीने ते आठवेना. समोर मुलं, मास्तर, गावातली प्रतिष्ठित मंडळी. शेवटी म्हणालो, "ऑन बिहाफ ऑफ ऑल, आय थँक मायसेल्फ." मुलांना कळलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना कळलं. ते मराठीत म्हणाले, "बसा, बसा गुरुजी." त्यांचा सूर इतका मायेचा होता की कान तापले.
घसा बसला होता. लाउडस्पीकरही खराखरा वाजत होता.

१ ऑक्टोबर, रविवार
कालपासून घराबाहेर पडलो नाही. सकाळी मालनपुढे बोलून गेलो की सगळ्या गावात माझी लाज गेली. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमची लाज गेली. त्या माणसाचं काय गेलं, ते ठावं हाय का?"
मग सांगितलं. गोरक्षनाथची चार महिन्यांची पोरगी मे महिन्यात गेली. तेव्हापासून त्याची बायको चांगुणा एक शब्द बोललेली नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. मालन दोन महिने रोज तिच्याकडे भाकरी घेऊन जात होती, वेणी घालून देत होती. मला तीनदा सांगायला गेली, म्हणते. गेल्या पंधरवड्यात गोरक्षनाथ रजा टाकून बायकोला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गावात कुणाला बोलला नाही. लोक वेडी म्हणतील म्हणून.
मी निबंधाचा कागद काढला. चुका न बघता पहिल्यांदाच वाचला.
'माय वाइफ डज नॉट स्पीक. शी सिट्स टू वॉल. आय टॉक. शी डज नॉट हिअर. इज इट माइंड? हूम आय शुड आस्क?'
शेवटचं वाक्य मी लाल शाईने 'हूम शुड आय आस्क' असं दुरुस्त केलं आहे. उत्तर दिलेलं नाही.

३ ऑक्टोबर
त्याला पत्र लिहायचं. मराठीत.

११ ऑक्टोबर
लिहिलं नाही. पुण्याचा पत्ता नाही. दवाखान्यात विचारला तर मिळेल, पण विचारायला जाण्याचं तोंड नाही. शेवगाव रस्ता टाळून दुसऱ्या वाटेने शाळेत जातो.

१२ नोव्हेंबर, रविवार
ती दोघं परत आली. मालन म्हणाली, आता तरी जा. गेलो.
गोरक्षनाथने खाटेवर बसवलं. खूप वाळला आहे. काय बोलायचं ते मी रस्त्याने पाठ केलं होतं, मराठीत, तरी नीट आलं नाही. चुकलं, एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं सर? मराठीत सांगाय गेलो की घशाशी यायचं. इंग्रजीत दुसऱ्याच कुनाचं तरी सांगतोय असं वाटायचं. म्हनून तर मी रोज येत होतो."

तेवढ्यात आतल्या दारात चांगुणा येऊन उभी राहिली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. लहान आहे, वीस-बावीसची. माझ्याकडे बघून म्हणाली, "च्या टाकू का?"
मी म्हणालो, "नको नको, आत्ताच झाला." झालेला नव्हता. कुणाच्या घरी गेलं की म्हणतात, तसं म्हणालो.
ती आत गेली. गोरक्षनाथ दाराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाहेरच्या मानसाशी आज पहिल्यांदाच बोलली, सर."
मी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "मग घेतो थोडा." आतून काही आवाज आला नाही. अर्धा तास बसलो. स्टोव्ह पेटल्याचं ऐकू येईना. मग उठलो.
घरी मालनने विचारलं, बोलली का ती? म्हटलं, बोलली. मालन देवापुढे हात जोडून आली. काय बोलली, ते तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.